कोड अडला तर: पत्ते, शब्दकोश की ऐकणारं माणूस?

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बसून मी जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहितो. इथं काही अडलं तर विचारायला शेजारच्या टेबलावर कुणी नसतं, आणि एकाच दिशेनं डोकं आपटण्यात दोन-दोन दिवस जातात. गेल्या हंगामात अशाच एका गुंत्यावर मी तीन पद्धती लावून पाहिल्या. तुम्हीही एकटे काम करत असाल आणि यातलं काय धरावं असा प्रश्न असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

गुंता असा. लाइन गेली की काट्यावरचा संगणक इन्व्हर्टरवर चालतो आणि वजनं होत राहतात, पण नेट जातं. लाइन आली की साठलेल्या पावत्या एकदम सर्व्हरकडे धावतात आणि त्यातल्या काही दोनदा चढतात. एकाच शेतकऱ्याच्या नावावर तोच १८ क्विंटल कापूस दोनदा. चुकाऱ्याच्या दिवशी हे निघालं तर माणसांचा काट्यावरचा विश्वासच उडतो.

पहिली पद्धत बोलून दाखवण्याची. टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला कोड ओळीओळीनं समजावायचा, ही रीत अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ च्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकामुळे रूढ झाली. माझ्याकडे बदक नव्हतं. आई ओसरीत तूर पाखडत होती, तिलाच सांगायला लागलो. सूप थांबवून ती म्हणाली, "मंग तुह्या मशीनले कसं समजते, पावती पोचली का नाही ते?" पोच येईपर्यंत काटा किती वेळ थांबतो, ते तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. पावती सर्व्हरवर चढत होती, पण गर्दीत पोच उशिरा येत होती, म्हणून काटा तीच पावती पुन्हा पाठवत होता. बदकानं हा प्रश्न विचारला नसता. कारण शोधायचं असेल तर याच्याइतकं दुसरं काही कामाचं नाही.

कारण कळलं, पण उपाय सुचेना. पुन्हा पाठवणं बंद करावं तर पावत्या हरवतात.

तेव्हा पत्त्यांकडे वळलो. संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये 'ऑब्लिक स्ट्रॅटेजीज' हा शंभराहून जास्त पत्त्यांचा संच काढला. प्रत्येक पत्त्यावर एक त्रोटक सूचना असते. अडलं की एक ओढायचा आणि ती सूचना लागू होत नाही असं वाटलं तरी तिच्या मागे जायचं. मी चार ओढले, तीन वाया गेले. चौथ्याचा आशय असा होता की झालेली चूक म्हणजे तुझाच दडलेला हेतू समज आणि तिचा मान ठेव. मग वाटलं, दोनदा पाठवणं हे बरोबरच आहे असं धरलं तर? काट्यानं खुशाल दहादा पाठवावी, फक्त प्रत्येक पावतीला काट्यावरच कायमचा क्रमांक पडावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं नवी नोंद न करता जुनीच पोच द्यावी. दुबार नोंदी तिथंच थांबल्या.

दुबार नोंदी थांबल्या, पण गर्दी आणि उशिरा येणारी पोच तशीच होती. त्यासाठी तिसरी पद्धत लावली, विचार करण्याच्या रीतींवर पुस्तकं लिहिणाऱ्या एडवर्ड डी बोनो यांची. १९६७ मध्ये 'लॅटरल थिंकिंग', म्हणजे सरळ वाट सोडून आडवाटेनं विचार करणं, हा शब्द त्यांनीच दिला. शब्दकोशाचं कोणतंही पान आणि त्यावरचा कितवा शब्द ते आधीच ठरवायचं, जे नाम निघेल ते घ्यायचं आणि प्रश्नाशी जोडायचं. आपलं डोकं पडलेल्या चाकोरीतूनच गाडी हाकतं, भलत्याच शब्दापासून निघालं की ते बांधावरून आत शिरतं. अट एकच, शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. बदलला की आपण सोयीचा शब्द शोधायला लागतो आणि पुन्हा त्याच चाकोरीत जातो. पहिल्या दिवशी 'मोहरी' निघाली. अर्धा तास गेला, हाती काही नाही. दुसऱ्या दिवशी 'तिफण', म्हणजे नळ्यांतून बी पेरायचं अवजार. तिच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, बी कसं सोडतात ते डोळ्यासमोर आलं. ओटीत कितीही बी असो, मुठीतून सुटतं ते बेताबेतानंच, एकदम ओतलं तर नळ्या तुंबतात. साठलेल्या पावत्या मी दहा-दहाच्या तुकडीनं, मध्ये थोडं थांबून पाठवायला लागलो. सर्व्हरवरची गर्दी गेली आणि पोच वेळेवर यायला लागली.

पत्ते आणि शब्दकोश यांत एकच घ्यायचा असेल तर मी शब्दकोश घेईन. पत्त्यांवरच्या सूचना इंग्रजीत आहेत आणि स्टुडिओतल्या कामासाठी लिहिलेल्या, कोडशी त्यांची सांगड घालण्यातच निम्मी ताकद जाते. 'तिफण' म्हटलं की मात्र लाकूड, माती, हात सगळं एकदम दिसतं, आणि ज्याचे भाग माहीत आहेत अशाच गोष्टीतून जोडण्यासारखं काही सापडतं. शिवाय कोश घरात असतोच. चारजणांची टीम असेल तर पत्ते बरे, एकाच सूचनेचे चार अर्थ निघतात.

गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग लागली असेल तेव्हा यातलं काहीच करू नका, सरळ लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरनं आपोआप ठेवलेल्या नोंदी, उघडा. मी आता आधी आईला सांगतो, कारण सापडलं आणि वाट दिसली नाही तर कोश उघडतो. एका शब्दाला वीस मिनिटं देतो, नाही जमलं तर दुसरा शब्द दुसऱ्या दिवशी.