चाकणचा माल म्हणून घेतलेले ब्रेक

माझी गाडी २०१७ ची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, कंपनीतून १०५ पीएस ताकदीचं, आणि वर्षभरापूर्वी मी ते रीमॅप करून घेतलं, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घेतली. गाडी जोरात पळायला लागली, ब्रेक मात्र तेच राहिले, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. एकदा ताम्हिणीतून कोकणात उतरताना पेडल मऊ लागलं आणि पुढचे ब्रेक मोठे करायचं माझ्या डोक्यात बसलं.

पुढे जे झालं ते लिहितोय, कारण मला ज्याने फसवलं त्याची पद्धतच मुळी घरी स्वतःच्या हाताने काम करणाऱ्यांसाठी बेतलेली आहे. आणि पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवून शनिवार घालवणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

गाड्यांचे पार्ट विकायच्या एका ऑनलाइन ग्रुपवर जाहिरात दिसली. ब्रेम्बो या नावाजलेल्या इटालियन ब्रेक कंपनीचे लाल रंगाचे, चार पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), ३०५ मिलिमीटरच्या डिस्क, पॅड, स्टील ब्रेडेड होज, पोलोला बसणारे ब्रॅकेट. सगळं मिळून ६२ हजार. फोन केला तर माणूस मराठी बोलणारा, शांत, गाडीची बारीक माहिती असलेला. ‘दादा, रिम १७ इंची आहेत ना? त्याहून लहान असतील तर घेऊ नका, बसणार नाही,’ असं त्यानेच आधी सांगितलं. त्या एका वाक्यावर माझा विश्वास बसला. खोटा माल विकणारा गिऱ्हाइकाला ‘घेऊ नका’ कशाला म्हणेल?

एवढं स्वस्त कसं, असं विचारल्यावर त्याचं उत्तर तयार होतं. ‘ब्रेम्बोची फॅक्टरी आपल्या चाकणलाच आहे की. आपला माणूस आत आहे, सरप्लस निघतो.’

पुण्यातल्या माणसाला हे लगेच पटतं. प्रत्येकाचं कुणी ना कुणी चाकणला असतंच. माझा चुलतभाऊ तिथे कामाला आहे आणि माझी पोलोसुद्धा चाकणलाच तयार झाली. ब्रेम्बोचा तिथे कारखाना आहे हेही खरं. पण तिथलं काम मुख्यतः दुचाकीच्या ब्रेकचं, आपल्याकडच्या मोटरसायकलींवर बायब्रे नावाने येतात ते. खऱ्या गोष्टीला जोडून दिलेलं खोटं होतं ते, आणि पाच मिनिटं शोधलं असतं तर मला कळलं असतं. शिवाय ‘आपला माणूस आत आहे’ याचा अर्थ माल मागच्या दाराने निघालाय, हे मला तेव्हाही समजत होतं. तरी घेतला. तो दोष माझाच, आणि तो मला अजून बोचतो.

कंपनीच्या अशा किटसोबत सीलबंद पाकिटात एक कार्ड येतं. त्यावरचा खरवडून काढायचा सहा आकडी कोड कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की माल अस्सल आहे का ते कळतं. हे मला माहीत होतं आणि मी विचारलंही. त्याने कार्डाचा फोटो पाठवला, कोड आधीच खरवडलेला. सोबत तपासणी झाल्याचा स्क्रीनशॉट. ‘मी चेक करूनच देतो, दादा.’ तो कोड मी स्वतः टाकून पाहिला नाही. स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतो, हे मी ऑफिसमध्ये ज्युनिअर मुलांना सांगत असतो.

दुकान नव्हतं, बिल नव्हतं. १२ हजार आधी यूपीआयने दिले, उरलेले ५० हजार चांदणी चौकात एका हॉटेलबाहेर खोका हातात आल्यावर. पैसे ज्या खात्यात गेले त्यावरचं नाव त्या माणसाचं नव्हतं. ‘बायकोचं खातं आहे,’ म्हणाला.

शनिवारी सकाळी मेव्हण्याला बोलावलं. स्टँड लावले, चाकं काढली, जुने कॅलिपर उतरवले. इथून पुढचं मी जरा सविस्तर सांगतो, कारण माल खोटा आहे हे त्या दिवशी तो माल मला ओरडून सांगत होता. प्रत्येक वेळी मी त्यावर उपाय शोधत बसलो.

पहिली गोष्ट बोल्टची. ब्रॅकेटच्या बोल्टच्या डोक्यावर ग्रेडचा आकडाच नव्हता. अशा जागी १०.९ ग्रेडचे बोल्ट लागतात आणि तो आकडा डोक्यावर ठसठशीत कोरलेला असतो. मी काम तिथेच थांबवायला हवं होतं. त्याऐवजी नाना पेठेत गेलो, मापाचे १०.९ चे बोल्ट आणले आणि चूक वेळेत सापडली म्हणून खूश झालो.

दुसरी डिस्कची. चांगल्या मोठ्या डिस्कमध्ये आतल्या हवेच्या पाकळ्या बऱ्याचदा वळणदार असतात आणि त्यांची दिशा ठरलेली असते, म्हणून डावी आणि उजवी वेगळी असते. माझ्या पाकळ्या वळणदार होत्या, पण दोन्ही डिस्क हुबेहूब एकाच बाजूच्या. कमीत कमी जाडी किती चालेल तो आकडा डिस्कवर असायला हवा, तोही नव्हता.

तिसरी सगळ्यात मोठी. एका कॅलिपरचा ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा बाहेर काढायचं तोंड, बसवल्यावर खाली आला. हवा वर जाते, त्यामुळे निपल वरच हवा, नाहीतर कितीही पंप करा, हवा आतच अडकून राहते. म्हणजे दोन्ही कॅलिपर एकाच बाजूचे होते. मी फोन केला. तो जराही गडबडला नाही. ‘आतला पाइप आणि निपल अदलाबदल करा, होतं ते.’ मी केलं. आटे कच्चे लागत होते, तरीही केलं.

दुपारी हवा काढताना जवळजवळ लिटरभर डीओटी ४ प्रतीचं ब्रेक ऑइल संपलं. पेडल घट्ट होत होतं, पण पहिल्यापेक्षा बरंच खाली जात होतं. पुन्हा फोन. ‘मोठे पिस्टन आहेत, जास्त ऑइल ढकलावं लागतं, पेडल लांब जाणारच.’ हेही तत्त्वतः खरंच आहे. पेडलमागून ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच ठेवून पिस्टनचं क्षेत्रफळ वाढवलं की पेडलचा प्रवास वाढतो. त्या माणसाला ब्रेक चांगले कळतात. त्याचं ज्ञान त्याने फक्त माझं तोंड बंद करायला वापरलं.

रविवारी पहाटे पौड रस्त्याला ब्रेक मारून मारून नवे पॅड डिस्कवर बसवून घेतले, साठवरून दहावर, पुन्हा साठ, असं दहा-बारा वेळा. ब्रेक उत्तम लागत होते. शहरात आठवडाभर काहीच त्रास नाही. खोट्या ब्रेकचा धोका हाच आहे. थंड असताना ते खऱ्यासारखेच वागतात.

पुढच्या रविवारी बायकोला घेऊन सिंहगडावर गेलो. पिठलं-भाकरी खाल्ली, दही खाल्लं आणि नऊच्या सुमारास उतरायला लागलो. वेग पंचवीस-तीसच्या वर नव्हता. चार-पाच वळणांनंतर जळका वास आला. मला वाटलं पुढच्या गाडीचा. मग गाडी डावीकडे ओढायला लागली आणि एका वळणाच्या अलीकडे ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला, तेच. गिअर मॅन्युअलवर घेऊन पहिल्यात टाकला आणि हँडब्रेक हळूहळू ओढला. हँडब्रेक मागचे ड्रम केबलने ओढतो म्हणून ते लागले. गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबली. समोरून येणारा मोटरसायकलवाला आणि आमच्यात दोन हात अंतर राहिलं असेल. डाव्या चाकातून धूर येत होता. बायको काही बोलली नाही. ती खाली उतरून कठड्यावर बसली आणि बराच वेळ तिचे हात थरथरत होते.

गाडी टोइंगवर घरी आली. त्यानंतरचे दोन दिवस सगळ्यात वाईट गेले. मला खात्री होती की चूक माझी आहे. निपल मी बदलला, हवा मी काढली, बोल्ट मी आणले. त्या माणसाला फोन केला तर तोही तेच म्हणाला. ‘घरी बसवलंत ना? मग मी काय करू? आमचा माल कधी फेल जात नाही.’ तीन वेळा म्हणाला. आणि मी त्याची माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी मेव्हण्याने दोन्ही कॅलिपर भोसरीत एका मशीनिंगवाल्या काकांकडे नेले. ते चाळीस वर्षं हेच काम करतायत. त्यांनी डाव्या कॅलिपरचे पिस्टन बाहेर काढले आणि मला बोलावून घेतलं. एक बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ते भोक) गोल नव्हता, त्यातला पिस्टन पुढे जायचा पण मागे यायचा नाही. म्हणजे उतारभर पॅड डिस्कला घासत राहिला होता. त्या उष्णतेत सील वितळला आणि ऑइल बाहेर आलं. कास्टिंगमध्ये सुया टोचल्यासारखी छिद्रं होती. पॅडचा एक तुकडा मागच्या पत्र्यापासून सुटला होता. लाल रंगावर नखाने खरवडल्यावर ब्रेम्बोचं नाव स्टिकरसारखं निघालं. काका म्हणाले, ‘तू हवा नीटच काढली होतीस बाळा. हे मेलेलंच होतं.’ कोड वेबसाइटवर टाकला. तो त्यांच्याकडचा नव्हताच.

तेव्हा मला त्या माणसाचा धंदा कळला. वर्कशॉपवाला असा माल परत पाठवतो, त्याच्याकडे बिल असतं, नाव असतं. घरी बसवणारा मात्र प्रत्येक उणीव स्वतः दुरुस्त करतो, आणि शेवटी स्वतःलाच दोष देऊन गप्प बसतो. फसलेल्यांनी गप्प बसावं यावरच हे चाललंय.

मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पोलिसांत लेखी अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे, आणि खोटा ट्रेडमार्क लावण्याबद्दल १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अर्जासोबत चॅट, यूपीआयची पावती आणि काकांनी काढलेले फोटो जोडले. पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्या बाबतीत असं झालं तर पहिल्याच दिवशी फोन करा, माझ्यासारखे दहा दिवस घालवू नका. आणि पार्ट फेकू नका, तोच पुरावा आहे.

आणखी एक गोष्ट कळायला मला एवढं सगळं व्हावं लागलं. ताम्हिणीत पेडल मऊ झालं त्याचं कारण ब्रेक लहान होते हे नव्हतंच. ऑइल चार वर्षं बदललं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डीओटी ४ साठी कोरड्या अवस्थेत किमान उत्कलनबिंदू २३० अंश ठरलेला आहे, ओलावा शिरल्यावरचा किमान १५५ अंश. ते आत उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ लागतं. मोठी डिस्क उष्णता जास्त झेलते, पण एका जोरदार ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबेल ते शेवटी टायरच ठरवतो. आता कंपनीचेच कॅलिपर, बिलासह घेतलेले चांगले पॅड आणि ताजं ऑइल टाकलंय. मागच्या महिन्यात एकटाच सिंहगड उतरून आलो. पेडल पहिल्या वळणाला जिथे होतं तिथेच शेवटच्या वळणाला होतं.

परवा मेव्हण्याने एक जाहिरात पाठवली. लाल कॅलिपर, पोलोसाठी, चार पिस्टन. फोटो तोच आहे, खाली तीच निळी सतरंजी. किंमत ५८ हजार केलीय. फोन नंबर नवा आहे, आणि खाली लिहिलंय, ‘चाकण सरप्लस, घरी बसवता येतं.’