जुन्या धार्मिक चित्राची प्रत: पारदर्शक जलरंग की गुआश?

जुन्या भित्तिचित्राची किंवा वेदीवरच्या चित्राची जलरंगात प्रत करायची म्हटली की पहिला प्रश्न येतो रंग कोणते घ्यायचे: पारदर्शक जलरंग, की गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. आपला हात कशावर बसलाय यापेक्षा मूळ चित्र कसं रंगवलंय, यावरून ते ठरवावं.

इटलीतल्या पडुआच्या अरेना चॅपेलमधली चित्रकार जोत्तोची चित्रं बघा, 1305 च्या सुमाराची. त्यांचा बहुतेक भाग ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेल्या रंगांनी केलाय. रंगाचा थर पातळ आणि उजेड येतो तो खालच्या पांढऱ्यातून. पारदर्शक जलरंगात कागद नेमकं हेच काम करतो, त्यामुळे फ्रेस्कोसाठी, म्हणजे ओल्या गिलाव्यावरच्या अशा भित्तिचित्रासाठी, मी डोळे झाकून तेच घेईन. 1848 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या अरुंडेल सोसायटीनेही इटलीतल्या फ्रेस्कोंच्या प्रती जलरंगात करून घेतल्या आणि त्यावरून रंगीत शिळाछाप काढले. अडचण एकच: कपाळावरचा, वस्त्राच्या चुणीवरचा उजेड सुरुवातीपासून कोरा राखावा लागतो. तो एकदा गेला की तसाच्या तसा परत मिळत नाही.

लाकडी फळीवरच्या एग टेंपेराची गोष्ट वेगळी. अंड्याच्या बलकातला रंग झटकन वाळतो, म्हणून जुन्या चित्रकारांनी छटा घोळवल्या नाहीत, बारीक रेघांवर रेघा ओढून उभ्या केल्या. मेरीच्या गालाजवळ भिंग धरलं तर खाली हिरव्या मातीचा थर आणि त्यावर गुलाबी रेघांची जाळी दिसते. कित्येक चित्रांत वरचा गुलाबी झिजल्यामुळे चेहरे हिरवट झालेत. हे वॉशने, म्हणजे पातळ रंगाच्या सपाट हाताने, साधत नाही. गुआश लागतो, तोही जवळजवळ कोरड्या, टोकदार ब्रशने; ओला ब्रश फिरवला की खालचा हिरवा उठून वर मिसळतो. सोन्यासाठी शेल गोल्ड, म्हणजे डिंकात कालवलेली खऱ्या सोन्याची पूड, जलरंग आणि गुआश दोन्हींबरोबर चालतं.

अजिंठ्याची चित्रं फ्रेस्को म्हणून ओळखली जातात खरी, पण ती कोरड्या गिलाव्यावर, चिकट माध्यमातल्या रंगांनी केलेली. तिथेही गुआशच घ्या. तैलचित्राची प्रत मात्र दोन्हींत कमीच पडते. रचनेचा अभ्यास म्हणून करायची तर करा.

गुआशचा त्रास म्हणजे वाळल्यावर तो बदलतो: फिकट छटा बहुधा गडद होतात, गडद छटा फिकट. त्याच कागदाच्या पट्टीवर प्रत्येक मिश्रण वाळवून बघितल्याशिवाय चेहऱ्याला हात लावू नका.

आणि काहीही निवडलंत तरी ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. मेरीच्या निळ्या झग्याला अल्ट्रामरीन, पीबी 29, टिकतो. लाल वस्त्रासाठी अलिझरिन क्रिमझन, पीआर 83, मोह पाडतो, पण उजेडात उडतो. त्याऐवजी क्विनाक्रिडोन या टिकाऊ रंगद्रव्याचा लाल घ्या.