मारुती जिम्नी उंच (लिफ्ट) करायची का? टायर, स्पेसर की पूर्ण किट, इंदूरच्या हिशोबाने

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण इथेच निम्मे लोक फसतात. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल आहे, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच अखंड दांड्याला जोडलेलं, त्यामुळे स्प्रिंग कितीही लांब टाका, डिफरेन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. स्प्रिंगने वर जातं ते चेसिस आणि बॉडी, म्हणजे बंपर आणि पोट. मग तुमची गाडी नेमकी कुठे घासते ते आधी खाली वाकून बघा, पैसे नंतर काढा.

फक्त टायर: कंपनीचा १९५/८० आर १५ काढून २१५/७५ टाकला तर गाडी जेमतेम ५ मिमी वर जाते, हँडलिंगला काही होत नाही, ग्रिप मात्र टायर चांगला घेतला तर बरीच सुधारते. २३५/७५ टाकला तर २ सेंमी मिळतात, पण मीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी खरी ८५ च्या आसपास असते, ब्रेकला जड चाक थांबवावं लागतं आणि दीड लिटरचं बिनटर्बोचं इंजिन भेरूघाट चढताना एक गिअर खाली मागतं.

स्पेसर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाशी बसवायचा जाड ठोकळा: सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यात फसवा. स्प्रिंग तीच असल्यामुळे राजवाड्याच्या गर्दीत काही फरक जाणवत नाही, म्हणून लोक खूश. पण शॉकअ‍ॅब्सॉर्बर जुन्याच लांबीचा, तो आधीच ताणलेला, त्यामुळे चाक खड्ड्यात उतरलं की शॉक संपतो आणि खालून ठक्क असा आवाज येतो. वर गंमत अशी की दगडांत चाक खाली जायला जागाच कमी उरते, म्हणजे ज्यासाठी केलं तेच गेलं.

पूर्ण किट, म्हणजे लांब स्प्रिंग आणि त्याला मॅचिंग शॉक: ऑफरोडला खरा फायदा इथेच आहे, आणि रस्त्यावरचा खरा त्रासही इथेच, जर काम अर्धवट केलं तर. चेसिस वर गेलं की अ‍ॅक्सलला चेसिसशी जोडणारे पुढचे आर्म खाली झुकतात, अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ करणारा कोन. तो कमी झाला की शहरात स्टीअरिंग मस्त हलकं वाटतं, पण एबी रोडवर (आग्रा-मुंबई हायवे) ९० ला शेजारून ट्रक गेला की गाडी भटकते आणि तुम्ही सारखं सारखं करेक्शन देत बसता. यावर लोक स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचा छोटा शॉक) लावतात, त्याने थरथर दबते, भटकणं नाही जात, त्याला कॅस्टर बुशच (आर्मला बसणारे, तो कोन परत आणणारे बुश) लागतात. शिवाय पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला मध्यावर धरून ठेवणारा आडवा दांडा) तिरका झाल्याने अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, अ‍ॅडजस्टेबल रॉड टाकला की मध्ये येतो. किटची किंमत विचारताना या दोन गोष्टी धरूनच विचारा.

स्प्रिंगचा कडकपणाही बघा हो. बऱ्याच स्प्रिंगा लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायची मोटर) आणि वरच्या कॅरिअरच्या वजनासाठी बनवलेल्या असतात, रिकाम्या गाडीला लावल्या की मागचा भाग प्रत्येक स्पीडब्रेकरवर उडतो.

आता उंचीचं. ही गाडी १६४५ मिमी रुंद आणि १७२० मिमी उंच, म्हणजे मुळातच अरुंद आणि उभी. वजनाचा मध्य वर गेला की वळणावर बाहेरच्या चाकांवर जास्त भार पडतो, ब्रेक मारला की नाक जास्त खाली जातं, आणि ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) कंपनीच्या उंचीसाठी सेट केलेलं असतं. जाम गेटचा घाट मंडलेश्वरकडे उतरताना ४० मिमी वाढलेली गाडी सांभाळता येते, ३ इंचवाली घेऊन तिथे मी तरी घरच्यांना बसवणार नाही.

माझं म्हणाल तर भिया, सुपर कॉरिडॉर, ऑफिस आणि पावसाळ्यात तिंछा-पातालपानीचे धबधबे एवढंच असेल तर चांगले टायर, बस. चोरलच्या आतल्या नाल्यांत नेहमी जाणं असेल तर ४० मिमीची किट, कॅस्टर बुशसकट.

आरसी आणि इन्शुरन्सचंही आधी विचारून घ्या, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत. हेडलाइट खाली सेट करून घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि अलाइनमेंटवाला स्क्रीनवर सगळं हिरवं दाखवेल, पण सॉलिड अ‍ॅक्सलला तो फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली तो कोन) सेट करू शकतो, कॅस्टरचा आकडा मागून घ्या आणि लिफ्टच्या आधीचाही फोटो काढून ठेवा.