केबिनमधलं टांगतं बाजलं: नऊ महिने त्यावर झोपल्यानंतर

ट्रकच्या केबिनमध्ये हे बाजलं नोव्हेंबरात बसवलं, आता जुलै संपत आला. एवढ्या दिवसांत दीडशेच्या वर रात्री मी या बाजल्यावर काढल्या. लिहायला बसलो कारण फोटो बघून ओळखीचे चार-पाच ड्रायव्हर मागे लागलेत, आणि नुसता फोटो बघून कुणी बांधलं तर पहिल्या वेळी मी पडलो तसाच तो पडेल.

माझी गाडी बारा टायर. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी माल, भरायचं, होसूर किंवा चेन्नईला खाली करायचं आणि येताना मिळेल ते भाडं घ्यायचं. कोल्हापूर ते चेन्नई साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. कागल सोडलं की बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर, होसूर, कृष्णगिरी, वेल्लूर. दिवाळीनंतर गुळाची भरणी मिळाली तर गुजरातकडेही जातो. बरोबर माझा भाचा असतो, एकोणीस वर्षांचा. जड गाडीचं लायसन काढायला त्याला वीस पूर्ण व्हावी लागतील, तोवर क्लीनर म्हणून शिकतोय.

केबिनमध्ये सीटच्या मागे बर्थ एकच आहे आणि माणसं दोन. सगळं दुखणं इथून सुरू होतं. चालवणारा मी, म्हणून बर्थ माझी. पोरगं पुढच्या सीटवर फळी टाकून अंगाची घडी करून पडायचं. पहाटे उठला की मान एका बाजूला धरलेली. बहिणीचं पोर आपल्या भरवशावर लाईनवर आलंय, त्याला रोज असं बघून मला बरं वाटत नव्हतं.

माझी पाठही काही धड नव्हती. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा मी जुन्या गाडीवर होतो. पुढे-मागे गाड्यांची रांग, हलायला जागा नाही. आजूबाजूच्या गावांतली माणसं भाकरी-पिठलं आणून देत होती, त्यांचे उपकार फेडता यायचे नाहीत. पाच रात्री त्या केबिनमध्ये काढल्या आणि सहाव्या दिवशी खाली उतरलो तर कंबर सरळच होईना. तेव्हापासून कुठं कसं झोपायचं याच्यावर मी बरंच करून बघितलंय.

टपावर झोपलोय. उन्हाळ्यात वारं छान लागतं, पण झोपेत कूस बदलताना खाली आलेला माणूस मी डोळ्यांनी बघितलाय आणि तेव्हापासून वर चढलो नाही. गाडीखाली चेसीला झोळी बांधून झोपणारे पूर्वी पुष्कळ असायचे, आजही दिसतात. सावली मिळते, गार वाटतं. पण गाडी कुणी सुरू केली, उतारावर सरकली, मागून दुसऱ्या गाडीनं धक्का दिला, तर खालचा माणूस गेला. त्यात जमेची बाजू शोधूच नये. धाब्यावरचं बाजलं पाठीला सगळ्यात चांगलं, सुंभ आवळून विणलेला असेल तर गादीसुद्धा त्याच्यापुढे फिकी. पण रात्रभर तिथं गाणी, उजेड, कुत्री असतात, आणि पावसाळ्यात ते बाजलं ओलं असतं.

सरकारी तेल कंपन्यांच्या काही पंपांवर ड्रायव्हरांसाठी 'अपना घर' म्हणून सोय आहे. बेड, अंघोळ, स्वयंपाकाला जागा असते आणि मोबाईलवरून आधी बुकिंग करता येतं. मी झोपलोय तिथं आणि झोप चांगली लागली. ज्यांची गाडी रिकामी आहे किंवा डोळ्यासमोर लागते त्यांनी जरूर जावं. माझी अडचण मालाची आणि डिझेलची. रात्रीत टाकीत पाईप घालून शंभर लिटर काढून नेतात, बॅटरी नेतात, स्टेपनी नेतात. केबिनमध्ये माणूस असला तर टाकीच्या झाकणाचा आवाज तरी कानावर येतो. म्हणून मला झोप केबिनमध्येच हवी होती, फक्त दोघांची आणि आडवं होऊन.

पहिला प्रयोग साध्या झोळीचा. इचलकरंजीहून जाड कापड आणलं, दोन्ही टोकं चुणून दोर बांधला, एक टोक दाराच्या वरच्या दांडीला, दुसरं समोरच्या बाजूच्या दांडीला. खाली लोंबू नये म्हणून चांगलं ताठ आवळलं. होसूरच्या अलीकडे रात्री गाडी लावली आणि चढलो. भाचा खालून बॅटरी धरून बघत होता. "मामा, दांडी सरकाय लागलीय" एवढं म्हणेपर्यंत स्क्रू निघाले आणि मी गियरच्या दांड्यावर मांडी आपटून खाली. महिनाभर काळा-निळा डाग होता.

चूक काय झाली ते कोल्हापुरातल्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर फिटरनं समजावलं, आणि ते आपल्या धंद्यातलंच निघालं. मालावर दोर आवळताना आपण काय करतो? दोर ताठ करून झाला की मधोमध धरून आडवा ओढतो. जोर थोडाच लावतो, पण टोकाच्या गाठी करकरतात. झोळीत माझं वजन म्हणजे तोच आडवा जोर. माझं वजन ८२ किलो. झोळी इतकी लोंबू दिली की दोर आडव्या रेषेपासून ३० अंशांनी खाली उतरतोय, तर प्रत्येक हुकावर साधारण ८२ किलोच ताण येतो. तीच ताठ करून १० अंशांवर आणली की एकेका हुकावर २३० किलोच्या पुढे जातो. दाराची दांडी हाताने धरून चढायला दिलेली असते, ती काय तग धरणार.

मग लोंबती ठेवून बांधली. पडलो नाही, पण केबिनची रुंदी सात फूट. एवढ्याशा जागेत चुणलेली झोळी लोंबली की माणूस धनुष्यासारखा वाकतो. मोकळ्या जागेत झोळीत तिरकं झोपलं की पाठ सरळ होते, इथं तिरकं व्हायला जागाच नाही. चार रात्रींत कंबरेनं उत्तर दिलं. भाचा मात्र त्यात मजेत झोपायचा. तरण्या पोरांचं हाड वेगळं असतं.

आता वापरतोय ते तिसरं, आणि हेच बाजलं. रेल्वेच्या डब्यातली मधली बर्थ डोळ्यासमोर आणा. मागची कड भिंतीला, पुढची कड वरून टांगलेली. एक इंची पाईपची सहा फूट बाय दोन फूट चौकट करून घेतली. तिच्यात जाड कॅनव्हास, कडेनं ताडपत्रीला असतात तशा पितळी रिंगा, आणि रिंगांतून दोरी ओवून चौकटीला आवळलेली. मागचा पाईप भिंतीवरच्या दोन आकड्यांत बसतो. पुढचा पाईप दोन रॅचेट बेल्टांवर, म्हणजे खटका हलवून आवळायच्या पट्ट्यांवर, कास्टिंग बांधतो त्याच जातीचे, फक्त नवे कोरे. मालावर वापरलेला बेल्ट इथं कधीही घेऊ नका. कास्टिंगच्या धारेनं त्याचे धागे आतून तुटलेले असतात आणि ते वरून दिसत नाही.

माझं नशीब असं की या केबिनच्या मागच्या भिंतीत वरच्या बर्थसाठी कंपनीनंच बोल्टच्या जागा सोडल्यात. आतलं कापड काढल्यावर त्या सापडल्या. आकडे आणि बेल्ट दोन्ही त्याच बोल्टांवर आहेत, कुठं भोक पाडलं नाही, वेल्डिंग केलं नाही. तुमच्या गाडीत अशा जागा नसतील तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. पत्र्याला वेल्डिंग करून घेऊ नका. मागून वायरिंग गेलेलं असतं, बॅटरीच्या तारा न काढता वेल्डिंग केलं तर इलेक्ट्रॉनिक सामान जळतं, आणि गाडीच्या मूळ रचनेत मनानं बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. पाईप, कॅनव्हास, शिलाई, बेल्ट, बोल्ट धरून मला २,९०० रुपये खर्च आला.

उलगडायला चार मिनिटं लागतात. सकाळी बेल्ट सोडून चौकट वर भिंतीला टेकवून बांधून टाकायची. चालत्या गाडीत त्यावर कुणी झोपायचं नाही, पोरगं कितीही दमलेलं असो. ब्रेक लागला की वरचा माणूस थेट काचेवर येईल.

हिवाळ्याचं आधी सांगतो, कारण तिथं मी फसलो होतो. डिसेंबरात चित्रदुर्गाच्या पुढे पहाटे चांगलंच गारठतं. मी अंगावर दोन पांघरुणं घेतली तरी पाठ बर्फ. टांगत्या बाजल्याला खालून हवा लागते आणि अंगाच्या भारानं खालचं पांघरूण दबून त्यातली ऊब जाते. मग घोंगडं अंगावरून काढून खाली अंथरलं आणि वर साधी चादर घेतली. काम झालं. आता कॅनव्हासवर घोंगडं कायमचंच आहे. टोचतं थोडं, पण घाम धरत नाही.

उन्हाळ्यात हीच खालची हवा वरदान ठरली. आपल्या गाड्यांचं इंजिन केबिनखाली असतं. दिवसभर चालवून गाडी लावली की बर्थच्या पत्र्यातून दोन-तीन तास धग वर येत राहते. एप्रिलमध्ये वेल्लूरला खालच्या बर्थवर हात ठेवला तर तवा वाटत होता, वर मात्र दोन्ही काचा चार बोटं उघडून आणि जाळी लावून झोपता आलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीचं झालंय, माझी गाडी त्याआधीची. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांना एकच विनंती: बंद केबिनमध्ये इंजिन चालू ठेवून रात्रभर झोपू नका. सायलेन्सर कुठं फुटका असेल तर धूर आत येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. बंद काचेत मच्छर अगरबत्तीही लावू नका. मी सुती जाळी शिवून घेतलीय, ती वरच्या बोल्टांनाच अडकवतो.

पावसाळ्यात तक्रार झाली ती कॅनव्हासची. जूनमध्ये ओल धरून कापड सैल पडलं आणि मधे खड्डा. बाजल्याचा सुंभ पायथ्याकडून आवळतात तशी दोरी दर आठ-दहा दिवसांनी आवळावी लागते. वासही यायला लागला होता, आता भाडं खाली करताना चौकट काढून उन्हाला लावतो. दुसरी तक्रार उंचीची. बाजलं आणि छत यांच्यात दोन फूट, म्हणजे उठून बसता येत नाही, सरपटत उतरायचं. साठीच्या पुढच्या किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसानं खालचीच बर्थ ठेवावी. माझी उंची पाच फूट आठ इंच आहे, सहा फुटी माणसाचे पाय पाईपला लागतील. आणि रात्री शेजारून कंटेनर जोरात गेला की आकडे कुरकुरतात. त्यांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातलेत, आवाज निम्मा झाला.

झोपेत काय फरक पडला ते सांगतो. पूर्वी तासातासाला जाग यायची, आता सलग तीन-साडेतीन तास डोळा लागतो. म्हणून मी वेळापत्रकच बदललं. रात्री दोनला गाडी लावायची, पाचच्या आधी चावी फिरवायची नाही. ती वेळ शरीराची झोपेचीच असते. चहा, तंबाखू, उघडी काच, तोंडावर पाणी, यांनी पंधरा मिनिटं निघतात, झोप फिटत नाही. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. चाळीस फुटी चार कंटेनर एकामागे एक उभे करा, तेवढं अंतर, आणि स्टिअरिंगवर कुणी नाही.

ट्रान्सपोर्टवाल्यांनीही इकडे लक्ष द्यावं असं मनापासून वाटतं. एका दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू होईपर्यंत सलग नऊ तास विश्रांती, असं १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच लिहून ठेवलं होतं. आम्हाला फोन येतात ते "कुठं पोचलास" एवढेच. मार्चमध्ये तुमकूरच्या पुढे असा फोन आला तेव्हा मी बाजल्यावरूनच सांगितलं, "साहेब, झोपलोय. साडेपाचला निघतो, तुमचा माल दुपारपर्यंत पोचेल." पलीकडून थोडा वेळ काही आवाज नव्हता, मग "बरं" म्हणाले. माल दीडला पोचला.

भाचा आता खालच्या बर्थवर पाय लांब करून झोपतो. परवा बहिणीनं फोनवर विचारलं, मानेचं दुखणं गेलं का त्याचं. त्याला मान दुखायची तेच आठवेना.

उजव्या कोपऱ्यातल्या दोन रिंगांजवळ शिलाई उसवायला लागलीय. गुळाचा सीझन सुरू व्हायच्या आत तिथं पट्टी लावून दुहेरी टाके घालून घेणार आहे. कुणाला मापं हवी असतील तर कागदावर काढून ठेवलीत.