फ्युएल पंप बदलला म्हणून साडेसात हजार घेतले, टाकीवरचं झाकण उघडलंच नव्हतं

जुनी पेट्रोल गाडी असलेल्यांनी हे वाचाच, विशेषतः सकाळी गाडी लवकर लागत नसेल तर. माझी गाडी २००९ ची, छोटी हॅचबॅक, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरने इंजिनात पेट्रोल फवारणारी). कंपनीचं नाव लिहीत नाही कारण यात दोष गाडीचा नाहीच, एवढ्या वर्षांत वायरी-पंप थकणारच. गॅरेजचंही नाव लिहीत नाही. पण काय केलं ते सगळं सांगतो.

डिसेंबरात सुरू झालं. सकाळी सेल्फ मारला की फिरतोय फिरतोय, आठ-दहा सेकंद, मग कशीबशी लागायची. एकदा लागली की दिवसभर काही त्रास नाही. फक्त आंबा घाटात चढाला पाय दाबला की ओढ नसायची, गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी. आईला मंगळवार-शुक्रवार डायलिसिसला सकाळी साडेसहाला कोल्हापुरात पोचवायचं असतं, त्यामुळे माझा जीव त्या सेल्फवर टांगलेला. आणि हे मी गॅरेजवाल्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की दादा काहीही करा पण मला सकाळी गाडी लागलीच पाहिजे. माणूस अडलाय हे कळलं की पुढं काय होतं ते बघा.

पहिल्या दिवशी म्हणाला इंजेक्टर चोक झालेत. क्लीनिंगचे २,८००. दोन दिवसांनी परत तेच, मग प्लग आणि एअर फिल्टर, १,४००. परत तेच. मग त्याने स्कॅनर लावला (गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र), कोड काहीच आला नाही. तर म्हणे "दादा, कोड नाही म्हणजे प्रेशरचाच प्रॉब्लेम, पंप गेलाय, ओरिजिनल टाकतो, ७,५००". मी हो म्हणलं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज, नवीन पंप टाकला, गाडी घेऊन जा. गाडी देताना एक गोष्ट सांगितली जी मला तेव्हा अगदी काळजीपोटी सांगितल्यासारखी वाटली, की "नवीन पंप आहे, सेट व्हायला वेळ लागतो, चावी ऑन करून पाच सेकंद थांबायचं, परत ऑफ, परत ऑन, असं तीनदा करून मग सेल्फ मारा".

आणि खरंच गाडी पटकन लागायला लागली! मी खूश, घरी सगळ्यांना सांगितलं. पण त्या "तीनदा ऑन-ऑफ"च्या एका वाक्यात मी फसलो ते मला महिनाभराने कळलं.

चावी ऑन केली की बहुतेक एमपीएफआय गाड्यांत टाकीतला पेट्रोल ढकलणारा पंप दोन-तीन सेकंद फिरतो, मागच्या सीटखालून उंऽऽ असा आवाज येतो, इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या लाईनमध्ये प्रेशर तयार होतं आणि पंप बंद होतो. चांगल्या गाडीत रात्रभरानंतरही लाईनमध्ये बरंचसं प्रेशर शिल्लक असतं किंवा एका वेळच्या ऑनमध्ये ते भरून येतं. लाईनमधलं प्रेशर रात्रीत उतरून जात असेल तर तीनदा ऑन-ऑफ केल्यावर पंपाला तीनदा फिरायला मिळतं, लाईन भरते, गाडी लागते. म्हणजे जो बिघाड होता तो झाकायची युक्ती मला "नवीन पंपाची काळजी" म्हणून शिकवली. पंप जुनाच होता.

जानेवारीत थंडी वाढली आणि तीनदा ऑन-ऑफ करूनही गाडी लागेना. एका शुक्रवारी आईला शेजाऱ्यांच्या गाडीतून पाठवलं, ते अजून मनाला लागून आहे. गॅरेजवाला म्हणाला आता ईसीएमच (इंजिनाचा कंप्युटर) गेलाय, १८,००० चा आहे, ५,००० ॲडव्हान्स द्या मागवतो. दिले मी. ईसीएम गेला असता तर गाडी दिवसभर अशी गुपचूप चालली असती का, एवढा साधा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही.

मेव्हण्याने शेवटी एका वयस्कर मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी आधी काही उघडलं नाही. सेल्फ मारताना बॅटरीला मीटर लावला, बॅटरी ठीक. मग पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालवून बंद पडू दिलं म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरतं, मग पेट्रोलच्या लाईनला प्रेशर गेज जोडला. (हे घरी करू नका, पेट्रोल अंगावर उडतं, जवळ कुणी विडी ओढत असला तरी भडका होईल.) फ्यूज परत लावून चावी ऑन. काटा १.९ बारवर (बार म्हणजे प्रेशरचं माप) थांबला. अशा गाडीला ३ बारच्या आसपास लागतं म्हणाले. चावी बंद, आणि आमच्या डोळ्यांदेखत काटा खाली खाली जात चार-पाच मिनिटांत शून्यावर. मला एवढं वाईट वाटलं, कारण दहा मिनिटांचं काम होतं आणि महिनाभर कुणी हा गेज लावलाच नव्हता. जुन्या साध्या गाड्यांत बहुतेकदा पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो, मग स्कॅनरला प्रेशर दिसणार कुठून? कोड न येणं याचा अर्थ प्रेशर बरोबर आहे असाही होत नाही आणि पंप गेलाय असाही होत नाही.

मग त्यांनी पंप फिरवून प्रेशर चढवलं आणि लगेच टाकीकडून येणारा रबरी पाईप क्लॅम्पने हळूच दाबून धरला. काटा जागेवर थांबला. म्हणजे इंजेक्टर गळत नव्हते, प्रेशर टाकीच्या बाजूला परत जात होतं. पंपात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पेट्रोल मागे जाऊ न देणारा, तो थकलेला.

मागची सीट उचलली. पंप काढायला टाकीवर जे झाकण असतं त्यावर धुळीचा नुसता थर, स्क्रूंच्या खाचा मातीने गच्च भरलेल्या. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "पावणं, ह्ये झाकण कुणी उघडलंच न्हाई की." माझ्या अंगाला कापरं भरलं. पैशाचं नंतर, पण माणूस तोंडावर एवढं खोटं बोलतो? हात लावायच्या आधी मी त्या झाकणाचे सहा फोटो काढले आणि स्क्रू काढतानाचा व्हिडिओ. खालचा पंप काळवंडलेला, जाळी चिखलासारखी. आणि पंपाला वीज देणाऱ्या वायरीच्या कनेक्टरची एक पिन जळून तपकिरी झालेली. मीटर लावला तर बॅटरीला १२.५ व्होल्ट आणि पंपापर्यंत पोचतायत ९.२. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज अजून खाली जातं, मग पंपाला अजूनच कमी, आणि थंड इंजिनला नेमकं तेव्हाच जास्त पेट्रोल पाहिजे असतं. म्हणून सकाळीच त्रास.

कनेक्टर बदलल्यावर त्याच जुन्या पंपावर काटा २.८ वर गेला, पण चावी बंद केली की उतरणं चालूच, म्हणून पंपही बदलला. माझ्यासमोर डबा फोडला, जुना पंप आणि जळकी पिन पिशवीत घालून दिली, सगळं मिळून ६,१०० आणि जीएसटीचं पक्कं बिल. त्यांनी एक विचारलं, गाडी कायम रिझर्व्हवर चालवता का? हो, चालवायचो. पंप पेट्रोलात बुडालेला असला की थंड राहतो, टाकी रिकामी ठेवली की तापून लवकर जातो.

तर कुणी तुम्हाला पंप किंवा इंजेक्टर किंवा ईसीएम सांगितला तर आधी म्हणा गेज लावा आणि मला काटा दाखवा, चावी ऑनवर किती, बंद केल्यावर पाच मिनिटांनी किती. गेज नसेल त्या गॅरेजमध्ये हे काम देऊच नका. पंप बदलायच्या आधी त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजायला लावा. जुना पार्ट परत मागायचा, "भंगारात गेला" ऐकून घ्यायचं नाही. आणि कच्च्या कागदावरचं बिल घेऊ नका, मी घेतलं होतं, नुसतं "पंप काम ७५००" लिहिलेलं.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे फोटो घेऊन गेलो तेव्हा तो आधी म्हणाला पोराने बदलला असेल, मग म्हणाला झाकण न उघडता खालून बदललाय, मग आवाज चढवला. माझ्याकडे व्हॉट्सॲपचा मेसेज आणि यूपीआयची नोंद आहे म्हणल्यावर चार दिवसांनी ७,५०० परत पाठवले. ॲडव्हान्सचे ५,००० अजून नाहीत, ईसीएम "वाटेत आहे" म्हणतोय. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवलीये. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, त्यामुळे कागद जुळवून ठेवलेत. या आठवड्यात पैसे आले नाहीत तर सोमवारी दाखल करणार, आणि तो जुना पंपही पिशवीसकट सोबत नेणार.