टामिया टीटी-०२: पावसाळा आणि सुगी काढल्यानंतरचा अनुभव

वळवाचे पाऊस सुरू व्हायच्या आधी मी टामियाची टीटी-०२ ही रिमोटवर चालणाऱ्या गाडीची किट घेतली. आता भाताच्या मळण्या आटपत आल्यात. मधल्या काळात ही गाडी काँक्रीटवर, डांबरावर, शेणाने सारवलेल्या खळ्यावर आणि अनगोळकडच्या तांबड्या मातीत भरपूर पळाली. कितीदा तरी पूर्ण उघडली आणि पुन्हा जुळवली. खोकं उघडल्या दिवशीची मतं सगळीकडे वाचायला मिळतात. आपल्या भागातली माती खाल्ल्यावर ही गाडी कशी राहते, ते मला लिहायचं आहे.

मत आधीच सांगतो. किट घ्यावी अशीच आहे. पण घेतल्यावर खिशात जे उरेल ते वेगावर घालू नका, प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा, काढण्यावर घाला. प्ले गेलेली साध्या मोटरची गाडी चालवायला जो आनंद देते, तो ढिल्या गाडीत भारी मोटर बसवून मिळत नाही. बेळगावात राहणाऱ्याला तर हे काम सोपं आहे, कारण उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत हाकेच्या अंतरावर आहे.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टामिया ही जपानमधल्या शिझुओकाची कंपनी. १९७६ साली त्यांनी पोर्शे ९३४ ही पहिली आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, गाडी काढली. टीटी-०२ चेसिस २०१३ची, तिच्या आधीची टीटी-०१ २००३ची. म्हणजे ही जुनी, मुरलेली रचना आहे आणि हाच तिचा मोठा गुण आहे, कारण सुटे भाग अजून मिळतात. माप १:१०. एक मोटर, मधून जाणारा शाफ्ट, पुढे-मागे डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) आणि चारही चाकांना ताकद. किटमध्ये रिमोट, रिसीव्हर (गाडीतला सिग्नल पकडणारा भाग), सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर आणि रंग येत नाही. मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर काही खोक्यांत असतो, काहींत नसतो, तेव्हा मागवण्याआधी नीट वाचा. या बाकीच्या सामानाचा खर्च किटच्या जवळपास जातो हे धरूनच हिशोब करा.

बांधणीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पुढची निम्मी दुखणी तिथेच टळतात. स्क्रू ए, बी, सी, डी अशा पिशव्यांत येतात आणि पुस्तिकेतल्या चित्रात प्रत्येक स्क्रू खऱ्या मापाने काढलेला असतो. चित्रावर स्क्रू ठेवून बघितला की चूक होत नाही. खरी गोम पेचकसात आहे. या स्क्रूंचे डोके जपानी जेआयएस पद्धतीचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि खाच खातो. डोकं एकदा गोल झालं की तो स्क्रू काढताना घाम फुटतो. म्हणून पहिली खरेदी जेआयएस टोकाच्या पेचकसाची. रिमोटही नंतर घेतला तरी चालेल.

स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे स्वतः पाडत जातो. पहिल्यांदा बसवताना सरळ धरा, एक फेरा आत, अर्धा फेरा मागे, असं करत न्या. डोकं टेकलं की हात थांबला पाहिजे, त्यापुढचा पाव फेरा आटे तोडतो. पुन्हा बसवताना आणखी एक काळजी: स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. फिरता फिरता तो 'टक्' करून किंचित खाली बसतो, बोटांना स्पष्ट जाणवतं. तिथून सुलटा घ्या, म्हणजे तो जुन्याच आट्यात जातो. माझी गाडी इतक्या वेळा उघडली तरी चेसिसचं एकही भोक मोकळं झालेलं नाही, ते याचमुळे.

आता बेअरिंग. किटमध्ये बहुतेक जागी प्लास्टिकचे बुश, म्हणजे एक्सल ज्यात फिरतो ती साधी कडी, येतात. गुळगुळीत हॉलमध्ये चालवायला ते काही दिवस ठीक. आपली तांबडी माती मात्र पिठासारखी बारीक. ती बुशमध्ये शिरते, ग्रीसमध्ये कालवली जाते आणि पॉलिश पेपरचं काम करते. भोक मोठं होत जातं, एक्सल डुलतो, चाक डुलतं. बॉल बेअरिंग बांधतानाच टाका, नंतर टाकायची म्हणजे अर्धी गाडी पुन्हा उघडावी लागते. मुख्य माप बाहेरून ११ आणि आतून ५ मिलिमीटर. पत्र्याच्या शील्डची आणि रबर सीलची अशी दोन्ही मिळतात. रबरची हाताला किंचित जड फिरतात, पण आपल्या मातीसाठी मी तीच घ्या म्हणेन. घर्षण कमी झालं की मोटर कमी करंट ओढते, कमी तापते आणि तीच बॅटरी जास्त वेळ चालते. पैशाचा मोबदला म्हणाल तर या गाडीतला हा सर्वांत चांगला खर्च.

स्टिअरिंग हा टीटी-०२चा कच्चा दुवा. गाडी नवी असतानाही पुढची चाकं हाताने धरून हलवलीत तर रिमोट स्थिर असून ती थोडी फिरतात. सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवी भरकटते आणि वाटतं की रिमोटचं ट्रिम (चाकं सरळ ठेवायची जुळणी) बिघडलंय. खरं कारण मधल्या स्टिअरिंग आर्मचे बुश आणि सर्व्हो सेव्हर, म्हणजे धक्का बसला तर सर्व्होचे गिअर वाचवणारा भाग. आर्मना बेअरिंग दिली, किटमधला सर्व्हो सेव्हर काढून हाय-टॉर्क स्प्रिंगचा घातला, आणि गाडी सांगितलेल्या जागी वळायला लागली. सर्व्होच्या बाबतीत माझी तक्रार आहे. खोक्यावर 'मेटल गिअर' छापलेला एक स्वस्त सर्व्हो ऑनलाइन मागवला होता. थोड्याच दिवसांत तो एका बाजूला अडकू लागला. उघडला तर शेवटचा गिअर तेवढा धातूचा, बाकी सगळे प्लास्टिकचे. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. म्हणून सर्व्हो ओळखीच्या माणसाकडून किंवा बिल देणाऱ्या हॉबी दुकानातूनच घ्या.

चाकाच्या मागचा षटकोनी हब, म्हणजे हेक्स, याची गोष्ट वेगळी आहे. किटचा हेक्स प्लास्टिकचा. त्यात एक आडवी पिन बसते आणि सगळी ताकद त्या पिनेवरून चाकाला जाते. सतत ब्रेक आणि पिकअपने पिनेची खाच रुंदावते आणि चाक एक्सलवर कटकट करायला लागतं. अ‍ॅल्युमिनियमचे तयार हेक्स मिळतात, पण मला ते इथेच करून हवे होते. हेक्सचं माप सपाट बाजूंमध्ये १२ मिलिमीटर, आणि उद्यमबागेत १२चा अ‍ॅल्युमिनियम हेक्स बार मिळतो. म्हणजे बाहेरचा आकार आयता. राहिलं काय, तर मध्ये ५चं भोक आणि मागे पिनेची खाच.

आमच्या ओळखीच्या मेस्त्रींच्या शेडमध्ये हायड्रॉलिक सिलिंडरची जॉबवर्क चालतात. त्यांच्यासमोर मूळ हेक्स ठेवला. त्यांनी व्हर्निअर लावला, चष्मा वर केला आणि विचारलं, "ह्येला भोक किती टाइट पाहिजे, सांग की. एक्सल आणलायस काय?" एक्सल खिशातच होता. मेस्त्रींनी आधी ड्रिल मारलं, मग भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर फिरवला, एक्सल घालून बघितला. एक्सल स्वतःच्या वजनाने सावकाश खाली सरकला, मग त्यांची मान हलली. खाच मिलिंगवर काढली आणि प्रत्येक कडेची बर (धातूची उरलेली धार) कानशीने मारली. पैसे घेताना म्हणाले, "पुढच्या बारीला पिनबी घेऊन ये, खाच पिनेवर जुळवून काढूया." पुढच्या खेपेला तसंच केलं. त्या जोडीत पिन बोटाने दाबून बसवावी लागते, हलवली तर हलत नाही. चाकांची कटकट पूर्ण गेली आहे.

ज्या गावात फाउंड्री आहेत, लेथ आहेत, विमानाचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत, तिथल्या पोराने चार हेक्ससाठी परदेशी पार्सलची वाट बघत का बसावं? मला हे मनापासून वाटतं. मोटरवर चढवायची कूलिंग रिंगही मी इथेच करून घेतली. किटमधल्या ५४० मापाच्या मोटरचा डबा साधारण ३६ मिलिमीटर व्यासाचा, त्या मापाची चिरलेली रिंग आणि तिच्यावर उष्णता सोडणाऱ्या फिन्स. सस्पेन्शन आर्ममधला प्ले काढायला शिमच्या पातळ पट्टीतून वॉशर पाडून घेतले. ०.१ आणि ०.२ मिलिमीटर जाडीचे जवळ ठेवा. आर्म हातातून सोडला की आपल्या वजनाने पडला पाहिजे. अडकला तर एक वॉशर काढा.

डॅम्पर, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर: माझ्या खोक्यात तेल नसलेले फ्रिक्शन डॅम्पर होते. काँक्रीटच्या सांध्यांवर गाडी त्यांच्यावर नुसती उड्या मारायची. टामियाचेच सीव्हीए तेलाचे डॅम्पर बसवले. बांधताना घाई करू नका. सिलिंडर उभा धरा, तेल भरा, पिस्टन हळूहळू खाली-वर करा. पिस्टनच्या भोकांतून बुडबुडे निघतात, ते वर येऊन फुटेपर्यंत डॅम्पर तसाच उभा राहू द्या. मग रबरी डायफ्राम आणि टोपण. दांडा आत ढकलताना 'चुक् चुक्' आवाज आला तर हवा राहिली, पुन्हा उघडा. चारही दांडे सारख्याच जोराने आत गेले पाहिजेत. यानंतर गाडी खळ्याच्या भेगांवरून जाताना चारही चाकं जमिनीला धरून राहतात, आणि ते बघत बसावंसं वाटतं.

पावसाबद्दल. स्पीड कंट्रोलर हॉबीविंगचा १०६० आहे, तो पाण्याला दाद देत नाही. रिसीव्हर आणि साधा सर्व्हो मात्र तसे नाहीत. जून ते सप्टेंबर मी भर पावसात गाडी काढली नाही, उघडीप बघून काढली. ओल्या मातीतून आल्यावर पाइप मारून धुऊ नका. माती आधी वाळू द्या, रंगाच्या ब्रशने झाडा, उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बेअरिंगला पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी वाळवून एक थेंब तेल द्या, रात्र गेली की गंज धरतो. जास्त पावसाच्या खानापूरकडच्या मित्रांना हे दुप्पट लागू.

बॅटरी मी आधी ७.२ व्होल्टची निकेल वापरली, नंतर दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर). लिपोला ताकद जास्त, पण शिस्तही जास्त. १०६०वर बॅटरीचा प्रकार ठरवणारा छोटा जंपर असतो, तो लिपोवर आहे याची खात्री करूनच पळवा, नाहीतर सेल मर्यादेखाली जाऊन कायमचे मरतात. काही दिवस गाडी काढायची नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. चार्जिंग माणूस समोर असतानाच, फरशीवर. फुगलेली लिपो पुन्हा चार्जरला लावायची नाही.

मोटरला मी सर्वांत शेवटी हात लावला. किटबरोबरची ५४० मोटर, तिच्यावरचा छोटा गिअर म्हणजे २२ दातांचं पिनियन, ते ज्याला फिरवतं तो ७० दातांचा स्पर आणि पुढचे आतले गिअर, सगळं मिळून प्रमाण ८.२७ला १. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी मोटर सव्वाआठ फेरे घेते. शिकणाऱ्याला हे अगदी बेताचं आहे. नंतर स्पोर्ट ट्यून्ड मोटर टाकली, पिनियन तेच ठेवलं. मोटर बदलताना पिनियनही मोठं करायचा मोह आवरा. दोन्ही एकदम वाढवलं की उष्णता वाढते आणि मातीत तर फारच. पळवून आणल्यावर मोटरवर बोट टेकवून ठेवता आलं पाहिजे. ब्रशलेस, म्हणजे ब्रश नसलेल्या जास्त वेगवान मोटरचा, विचार सध्या नाही. माझ्याकडे जेवढी मोकळी जागा आहे तेवढ्यात आत्ताचा वेग पुरतो.

बॉडी पॉलिकार्बोनेटची, रंग आतून लावायचा. आधी गडद, मग फिका. गॅरेजमधला गाडीचा रंग लावू नका, तो कडक असतो आणि बॉडी वाकली की पापुद्रे सुटतात. पॉलिकार्बोनेटसाठीचाच स्प्रे हवा आणि तो विमानाने येत नाही, त्यामुळे वेळ धरा. दमट हवेत रंग पांढुरका पडतो, तेव्हा हे काम दसऱ्यानंतर.

किमतीचं दुखणं खरं आहे. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली, २०२३मध्ये ७०. एवढ्याशा मॉडेल गाड्याही त्याच वर्गात धरल्या जातात. परदेशातून स्वतः मागवायचं तर किटच्या किमतीवर विसंबू नका, दारात येईपर्यंतचा आकडा काढा. मी देशातल्या दुकानातून घेतली. थोडी महाग पडली, पण पार्सल अडकलं नाही आणि बिल मिळालं.

ज्याला खोकं उघडून लगेच गाडी पळवायची आहे त्याने ही घेऊ नये, तयार गाड्या भरपूर आहेत. ज्याला संध्याकाळी कामावरून आल्यावर हात चालवायला आवडतं, गिअर कसे जुळतात ते बघायचं आहे, किंवा घरात आठवी-नववीतलं पोर आहे, त्याने जरूर घ्यावी. माझा भाचा आता डिफरन्शियल एकटा उघडतो आणि वळणावर बाहेरचं चाक जास्त का फिरतं ते मलाच समजावतो.

किटबरोबर एकाच पार्सलमध्ये मागवून ठेवायचं सामान: रबर सीलची बेअरिंग, हाय-टॉर्क सर्व्हो सेव्हर, एक जादा स्पर गिअर, पुढच्या सस्पेन्शन आर्मची एक जोडी आणि बॉडी क्लिपांचं पाकीट. आर्म पुढचेच आधी तुटतात, कारण भिंत नेहमी पुढे असते. हेक्स मागवू नका. मूळ हेक्स, एक्सल आणि पिन घेऊन उद्यमबागेत जा.