गाडीच्या टपावरचा तंबू घ्यावा की जमिनीवरचा?

यवतमाळच्या माझ्या भाच्याने चारचाकी घेतल्यापासून हा प्रश्न लावून धरला आहे. खर्चाचा निकाल लगेच लागतो: जमिनीवरचा चांगला तंबू काही हजारांत मिळतो, तर टपावरच्याला त्याच्या अनेक पट रक्कम आणि शिवाय तो बसवायला टपावर मजबूत आडव्या दांड्या लागतात.

खरा विचार वजनाचा करावा. टपावरचा तंबू साधारण 50 ते 80 किलोचा असतो आणि अनेक लहान गाड्यांच्या टपाची गाडी चालत असताना भार पेलण्याची मर्यादा, दांड्यांचे वजन धरून, जवळपास तेवढीच असते. म्हणून गाडीची पुस्तिका आधी वाचावी. उंचावरच्या भारामुळे चिखलदऱ्याच्या घाटातील वळणांवर गाडी अधिक कलते आणि इंधनही जास्त जाते.

मात्र आपल्या काळ्या मातीत टपावरच्या तंबूचा मोठा आधार वाटतो. पावसानंतर ही माती फुगून चिकट होते, त्यात खुंट्या धरत नाहीत. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि विंचू-सापांची धास्ती राहते. तरीही रात्री शिडी उतरणे वडीलधाऱ्यांना अवघड जाते, आणि गाडी हलवायची तर तंबू आवरावाच लागतो. बिबट्यापासून दोन्ही तंबू संरक्षण देत नाहीत. मेळघाट किंवा ताडोब्याकडे परवानगीच्या ठिकाणीच मुक्काम करावा.

दररोज मुक्काम बदलणाऱ्या, दणकट गाडीच्या जोडप्याने टपावरचा तंबू घ्यावा. वर्षातून दोनतीनदा मुलाबाळांसह एकाच जागी राहणाऱ्यांना, आणि माझ्या भाच्यालाही, जमिनीवरचाच योग्य आहे.